मायनस सतराचा डोळा

माझ्या दवाखान्यात येणारा माणूस आधी चष्मा काढून खिशात ठेवतो आणि मग म्हणतो, "म्याडम, काही दिसून नाही राह्यलं." चष्म्यातून दिसतंय का, तेच तर मला पाहायचं असतं. पण डोळ्याच्या डॉक्टरसमोर चष्मा घालून बसणं त्याला वडीलधाऱ्यांसमोर पाय पसरून बसण्यासारखं वाटत असावं. कारंजा गावात डोळ्यांचा दवाखाना चालवता चालवता केस पांढरे झाले. मोतीबिंदूची ऑपरेशनं आता मी बंद केली, तपासणी तेवढी करते. हा चष्मा खिशात घालणारा माणूस मात्र अजून येतोच.

मेडशीकडचे एक आजोबा आठवतात. वारलेल्या भावाचा चष्मा घालून आले होते आणि त्याच्या दांड्या घट्ट करून द्या म्हणत होते. तपासलं तर एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. मी म्हटलं, "बाबा, हा चष्मा तुमचा नाहीच." तर म्हणाले, "चष्म्यात काही खराबी नाही. भाऊ याच्यानंच पेपर वाचे." मी कपाळाला हात लावला. ऑपरेशन झालं, नवा नंबर निघाला, आणि शेवटी त्याच फ्रेममध्ये नव्या काचा बसवून दिल्या. दुसरी फ्रेम घ्यायला ते काही केल्या तयार नव्हते.

माझी जीभ तिखट आहे. "त्या बाई रागावतात, पन पाह्यतात चांगलं," अशी माझी जाहिरात माझे पेशंटच करतात, त्यामुळे मलाही सुधारायचं काही कारण पडलं नाही. दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा म्हटल्यावर मोतीबिंदूचे पुष्कळ किस्से आठवले. पण मोतीबिंदू काढून झाला की माणूस घरी जातो आणि मी विसरते. एक डोळा मात्र माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्याचं ऑपरेशनही मी केलेलं नाही. तो कविताचा उजवा डोळा.

कामरगावच्या अलीकडे तिच्या सासरच्यांचं भाजीपाल्याचं वावर आहे. मेथी, पालक, वांगी आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. भल्या पहाटे तोडायची, जुड्या बांधायच्या आणि उजाडायच्या आत बाजाराला लावायची. कविता त्या घरची धाकटी सून. नवरा गजानन माल घेऊन बाजारात जातो आणि वावरात राज्य सासूचं, शेवंताबाईंचं. लग्नात कोणी चष्मा लपवला नव्हता. लपणारा नव्हताच तो. मायनस सतरा नंबर, काचा अशा की समोरच्याला तिचे डोळे हरभऱ्याएवढे दिसायचे.

नंबर म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. लांबचं दिसत नाही त्या माणसाचा डोळा मागच्या बाजूला लांबलेला असतो. चित्र उमटायला हवं आतल्या पडद्यावर, ते उमटतं पडद्याच्या अलीकडेच. मायनस दोनवाल्याला चष्मा म्हणजे सोय. मायनस सतरावाल्याला चष्मा म्हणजे हातपाय. तो काढला तर स्वतःच्या तळहातावरच्या रेषासुद्धा हात नाकाला लावल्याशिवाय दिसत नाहीत.

एका पहाटे मेथी तोडताना घामानं चष्मा घसरला आणि कुठेतरी वाफ्यात पडला. कविता तिथेच बसून राहिली. बाकीच्या बाया दुसऱ्या टोकाला होत्या. सासू शोधत आली तेव्हा ही तशीच बसलेली. नंतर मला सांगत होती, "मी जागची हालली नाही म्याडम. हालली असती त माह्याच पायाखाली आला असता."

त्याच आठवड्यात शेवंताबाई तिला घेऊन माझ्याकडे आल्या. बाई उंच, आवाज मोठा, हाताला मातीचा रंग कायमचा चढलेला. माझ्यासमोर सुनेला बसवलं आणि म्हणाल्या, "हिच्या डोयाचं काही करा. चष्म्याचं नका सांगू, चष्मे लय झाले."

मी म्हटलं, "लेसर होणार नाही. एवढा नंबर काढायचा तर डोळ्याची पुढची काच इतकी घासावी लागेल की मागे काही उरायचं नाही."

"मंग दुसरं सांगा. दुसरं असनच ना काही."

होतं. डोळ्याच्या आत लेन्स बसवायची. मोतीबिंदूत आपली खराब झालेली लेन्स काढून नवी घालतात. इथे आपली लेन्स जागच्या जागी राहते आणि तिच्या पुढे, बाहुलीभोवतीच्या काळ्या-तपकिरी पडद्याच्या मागे, आणखी एक मऊ, पातळ लेन्स सरकवून देतात. मी ते करत नाही. नागपूरला एक सर्जन करतात, वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत आणि हात फार चांगला आहे. त्यांनी सगळी मापं घेतली, आत जागा पुरेशी आहे म्हणाले आणि आधी उजवा डोळा केला.

तिथली पहिली तपासणी आटोपून कविता माझ्याकडे आली तेव्हा तक्ता वाचून झाल्यावर ती खिडकीशी गेली. रस्त्यापलीकडच्या दुकानात दोरांची बंडलं टांगलेली असतात. ती डावा डोळा झाकून बोट दाखवत सांगत होती, हा नायलॉनचा, हा काथ्याचा. शेवंताबाई तिच्या बोटामागे पाहत होत्या आणि मग डोळ्याला पदर लावून बाकावर बसल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आता थेंबांचं. डोळ्याच्या आत कोणी हत्यार घातलं की डोळा चिडतो. ऑपरेशन कितीही सुबक झालं तरी चिडतो. त्याची चीड हळूहळू उतरवायची असते. म्हणून स्टिरॉइडचे थेंब आधी दिवसातून बरेच वेळा, मग कमी, मग आणखी कमी, असे काही आठवडे. मध्येच बंद पडले तर दबलेली सूज उसळून वर येते, आणि कधी कधी पहिल्यापेक्षा जोरात येते. हे सगळं मी कविताला, गजाननला आणि शेवंताबाईंना समोर बसवून सांगितलं. थेंब टाकायचं काम शेवंताबाईंनी घेतलं. हात धुऊन, पापणी खाली ओढून, बाटलीचं टोक न टेकवता त्यांनी माझ्यासमोर थेंब टाकून दाखवला, तो अगदी बरोबर पडला.

नंतर पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली. ती दरवर्षी कमीजास्त येतेच, पण त्या वर्षी शाळाच्या शाळा लाल डोळ्यांनी घरी बसल्या होत्या. माझ्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना यायला जमत नव्हतं ते मोबाइलवर डोळ्याचा फोटो पाठवत होते. माझा त्याला पहिल्यापासून विरोध आहे. फोटोत सगळे लाल डोळे सारखेच दिसतात.

अशाच एका सकाळी गजाननचा फोटो आला, खाली लिहिलेलं, "कविताले डोये आले. काय टाकू?" मी ताबडतोब फोन लावला आणि कविताला द्यायला सांगितला. लाल डोळ्याला मी तीन गोष्टी विचारते. चिपडं येतात का, उजेड सोसतो का, आणि दिसणं कमी झालं का.

"चिपडं नाही येत," कविता म्हणाली. "उजीड नाही सोसत. डोया ठनकते. आन् दिसनं... मच्छरदानीतून पाह्यल्यावानी होते."

साथीच्या डोळ्यात चिपडं येतात, खाज येते, पण चिपडं पुसली की नजर स्वच्छ असते. हे उलटं होतं. सूज डोळ्यावर नव्हती, आत होती. मी म्हटलं, "आहे त्या कपड्यांवर निघा."

गजानन जीप करून दोघींना घेऊन आला. कवितानं पदर डोळ्यावर ओढलेला होता. तपासणीची खोली लहान आणि अंधारी, म्हणून शेवंताबाई बाहेर बाकावर बसल्या. आमच्या मशीनमधून डोळ्यात उजेडाची एक बारीक पट्टी सोडता येते. निरोगी डोळ्यात ती पट्टी स्वच्छ पाण्यातून जावी तशी जाते. कविताच्या उजव्या डोळ्यात छपरावरच्या कवेलूच्या फटीतून आलेल्या कवडशात धूळ नाचावी तशा पांढऱ्या पेशी तरंगत होत्या. बाहुलीच्या काठाशी चिकट तंतू धरले होते, आणि तळाशी पांढरा थर साचू लागलाय की काय, अशी शंका येत होती.

याचे अर्थ दोन. एक म्हणजे नुसती सूज, म्हणजे जंतू नाहीत, डोळा चिडलाय. त्याला स्टिरॉइड भरपूर द्यायचं. दुसरा म्हणजे आत जंतू शिरलेत. तेव्हा नुसतं स्टिरॉइड दिलं तर जंतूंना मोकळं रान मिळतं, आणि तसा डोळा बघता बघता कायमचा जातो. दोन्हींचं पहिल्या दिवशीचं रूप बरंचसं सारखं. अशा वेळी मशीनपेक्षा माणसाच्या तोंडचं ऐकावं लागतं.

"थेंब नीट टाकले?" मी विचारलं.

"टाकले," कविता म्हणाली.

गजाननने खिशातून बाटली काढली, रिकामी. "पुरे टाकले म्याडम. हे पाहा, थेंब नाही उरला."

"ही अजून पुरायला हवी होती."

गजानन बायकोकडे पाहू लागला. कविता म्हणाली, "मी जास्तच टाकले. लवकर बरं व्हावं म्हनून."

मी नागपूरला फोन लावला. मला जे सांगितलं गेलं तेच मी सर्जनना सांगितलं. स्टिरॉइड सांगितल्यापेक्षा जास्त झालंय आणि तरी डोळ्याची ही अवस्था आहे. ते म्हणाले, "म्हणजे जंतूच धरून चालू. लगेच पाठवा. आतलं पाणी तपासायला घेतो, औषध आत टोचतो. बहुतेक लेन्स काढावी लागेल."

माझा फोन स्पीकरवर होता. लेन्स काढावी लागेल, हे कवितानं ऐकलं. तिनं दोन्ही हातांनी खुर्चीच्या दांड्या धरल्या. मला वाटलं, घाबरलीय.

मी बाहेर जाऊन शेवंताबाईंना सांगितलं की तुम्हाला आत्ताच्या आत्ता नागपूर गाठायचंय आणि कदाचित लेन्स काढतील.

"काढतीन? काहून काढतीन?" त्या उभ्याच राहिल्या. "औषध त लय गुनाचं होतं म्याडम. घरातल्या साऱ्या पोट्ट्याइचे डोये त्याच्यानंच उतरले."

मी म्हटलं, "कोणाचे डोळे?"

मग सगळं बाहेर आलं. घरात साथ शिरली. जावेची लेकरं, नणदेची लेकरं, शेजारची दोन, सगळ्यांचे डोळे चिकटलेले आणि रडारड. शेवंताबाईंनी सगळ्यांना ओसरीवर रांगेत बसवलं आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्याचं औषध एकेकाच्या डोळ्यात टाकलं. सकाळ-संध्याकाळ. त्या घरात काकडीची पहिली तोड असो की गायीचा खरवस, गल्लीत वाटल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही. एवढं चांगलं औषध एकट्या सुनेसाठी फळीवर ठेवून द्यायचं, हे त्या बाईच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. कविताला तर रोज लांबचं स्वच्छ दिसत होतं, म्हणजे त्यांच्या लेखी ती बरी झालेली. बाटली संपली. कवितानं कोणाला काही म्हटलं नाही.

मी तोंड उघडलं ते झाडायलाच. इतकी वर्षं औषधाच्या बाबतीत मी कोणाची गय केलेली नाही. म्हटलं, "शेवंताबाई, डोळ्याचं औषध प्रसाद असतो का वाटायला? तिचे थेंब बंद पडले आणि आतली सूज उसळली. आणि बाटलीच्या टोकाला दहा-बारा डोळ्यांची घाण लागली ती वेगळीच."

त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मंग तिचा डोया मी फोडला."

मी आत गेले. कवितानं भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. मी तिला विचारलं, "लेन्स काढतील म्हणतात, तरी तू गप्प बसलीस?"

ती म्हणाली, "त्याइनंच मले डोया देल्ला. त्याइचं नाव कसं घेऊ?"

मी पुन्हा फोन लावला आणि सर्जनना खरं काय ते सांगितलं. आता चित्र बदललं. थेंब तुटल्यानं उसळलेली सूज असण्याचा संभव वाढला. पण बाटली दहा-बारा डोळ्यांवरून फिरलेली, म्हणून जंतूंची शंकाही पुरती सुटली नव्हती. ते म्हणाले, "बाहुलीतून मागचा पडदा दिसतोय?" मी पाहिलं. धूसर होतं, पण आतून लाल चमक नीट येत होती. "मग बाहुली मोठी करायचे थेंब आत्ताच सुरू करा आणि निघू द्या. लेन्सचं इथे आल्यावर डोळा पाहून ठरवू."

नव्या बाटल्या दिल्या. थेंब वाटेतही चालू ठेवायचे होते. मी शेवंताबाईंना म्हटलं, गाडीत तुम्ही टाका, तुमचा हात चांगला आहे. त्यांनी हात मागे घेतले. "मी आता तिच्या डोयाले हात लावत नाही," म्हणाल्या आणि जीपमध्ये बसल्याच नाहीत. गजानन मागे कवितापाशी बसला, ड्रायव्हरनं गाडी समृद्धी महामार्गावर घातली, आणि शेवंताबाई एकट्या बसस्टँडकडे चालत गेल्या.

त्या दिवशी मी पुढचे पेशंट कसे पाहिले कोणास ठाऊक. एकाला दोनदा तोच तक्ता वाचायला लावला. संध्याकाळी नागपूरहून फोन आला. डोळ्याच्या मागच्या भागात काही नाही, सोनोग्राफी स्वच्छ आहे, आतलं पाणी तपासायला पाठवलंय, लेन्सला आज हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला तो हसऱ्या आवाजाचा. पाण्यात जंतू नव्हते, आणि जोरात स्टिरॉइड सुरू केल्यावर पेशी कमी झाल्या होत्या. लेन्स राहिली. मी फोन ठेवला आणि चहा मागवला. सगळ्या स्टाफला पाजला आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही.

आता माझ्या दवाखान्यातून डोळ्याची बाटली जाते ती तिच्यावर पेशंटचं नाव लिहूनच. देताना माझी नर्स म्हणते, "ही एकट्याचीच." लोक हसतात. हसू देत.

डोळा पूर्वीसारखा झाला, पण अगदी पूर्वीसारखा नाही. बाहुलीचा काठ एका ठिकाणी आत चिकटून राहिला तो सुटला नाही. बाहुली गोल असते, कविताची उजवी बाहुली एका बाजूला जरा ओढलेली आहे. नजर चांगली आहे. अंधारात समोरून गाडी आली की दिव्याला शेपटी फुटल्यासारखी दिसते, एवढंच. मला ती ओढलेली बाजू प्रत्येक तपासणीत दिसते आणि प्रत्येक वेळी चुटपुट लागते. थेंब चार दिवस आधी पुन्हा सुरू झाले असते तर ती राहिली नसती.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलंच होतं. एका डोळ्यात लेन्स आणि दुसऱ्याला मायनस सतरा, असा माणूस चष्मा घालूच शकत नाही, डोकं गरगरतं. कविता डावा डोळा मिटून जुड्या बांधत होती. सर्जन म्हणाले, उजवा पुरता शांत झालाय, आता डावा करू. कविता तयार होती. शेवंताबाई प्रत्येक तपासणीला तिच्याबरोबर येत, बाहेर बाकावर बसत, पण आत येत नसत. गावात तर त्यांनी कोणाच्या डोळ्याकडे बघणंच सोडलं होतं, असं गजानन सांगत होता.

ऑपरेशनच्या आधी काही दिवस जंतुनाशक थेंब टाकायचे असतात. ते द्यायला मी दोघींना आत बोलावलं. शेवंताबाईंनी खुर्ची घेतली नाही. उभ्यानंच विचारलं, "म्याडम, खरं सांगजा. माह्यापाई तिच्या डोयात काही राह्यलं काय?"

कवितानं माझ्याकडे पाहून मान हलवली. नका सांगू. माझ्या जिभेवर सोपं उत्तर आलंही होतं. पण ही बाई नाही म्हटल्यावर विश्वास ठेवणार नव्हती आणि आयुष्यभर मनात काहीतरी मोठंच धरून बसली असती.

"राहिलंय," मी म्हटलं. "बाहुलीची एक बाजू ओढलेली राहिली. ती सुटणार नाही. नजरेला धक्का नाही. एवढंच आहे, याहून जास्त नाही."

शेवंताबाईंनी मान डोलावली. म्हणाल्या, "बरं. मंग या डोयाचे थेंब तुमच्या नर्सबाईले टाकू द्या. आमी रोज येऊ कारंज्याले."

कवितानं टेबलावरची बाटली उचलली, झाकण काढलं आणि सासूच्या हातात दिली. मग खुर्चीत बसली आणि मान मागे टाकली.

"नाही वो माय," शेवंताबाई म्हणाल्या. "पाह्य, माहा हात थरथरून राह्यला."

"थरथरू द्या," कविता म्हणाली. "मी डोया उघडा ठेवतो."